साडेएकोणीस आणि अडीच

दर घाण्यामागे पळीभर तेल. पाटणच्या शिलालेखात संस्कृत श्लोक संपल्यावर शेवटी जुनी मराठी येते, तिच्यात ही नोंद आहे. पाटण म्हणजे चाळीसगावच्या नैर्ऋत्येचं, पाटणादेवीचं पाटण; डोंगराच्या पायथ्याशी, आता गौताळ्याच्या अभयारण्यात गेलेलं. गाव केव्हाच उठलं. लेख म्हणतो की इथे जितके घाणे चालतात तितक्या पळ्या तेल मठाला द्यावं, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी घ्याव्यात, जे मापायचं ते मठाच्याच मापानं मापावं आणि मापाईतला निम्मा वाटा मठाचा. हा मठ भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेला होता. काढणारा त्यांचा नातू चांगदेव.

मी चाळीसगावच्या एका तेलगिरणीत जन्मभर जमाखर्च लिहिला. माझ्या आधी वडील तिथेच मुनीम होते. त्यामुळे जाणकारांची नजर या लेखातल्या राजांकडे आणि वंशावळीकडे जाते, तशी माझी आधी पळीकडे गेली. पळीभर तेल घाणेवाल्याच्या जिवावर येत नाही, आणि घाणे वाढले की मठाचं उत्पन्न आपोआप वाढतं. माप मठाचं ठेवलं त्यात तर मोठी अक्कल आहे. बाजारात माप ज्याचं, त्याला कोणाच्या दारात मागायला जावं लागत नाही. गावाचं माप गणिताच्या शाळेकडे सोपवणारा माणूस हिशेबी असणार.

तो माणूस निकुंभ घराण्यातला सोईदेव. देवगिरीच्या यादवांचा मांडलिक. त्याच्या भावाचं नाव हेमाडिदेव. देवळांवरून ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे तो हेमाडपंत हा नव्हे, तो पुष्कळ नंतरचा. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. इसवी सन १२०७. दान ग्रहणाच्या पर्वकाळात दिलं, आणि ग्रहण केव्हा लागणार हे सांगणारं घराणंच दान घेणारं. लेखात या घराण्याच्या पिढ्या ओळीनं दिल्या आहेत: त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत, महेश्वराचा मुलगा भास्कर, त्याचा लक्ष्मीधर, लक्ष्मीधराचा चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालानं पाटणहून नेऊन आपल्या पंडितांचा मुख्य केलं. चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. भास्कराचार्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड असं सांगितलंय, आणि ते नेमकं कुठलं यावर विद्वानांचं एकमत नाही. बीडचे लोक बीड म्हणतात, विजापूरचे विजापूर. आमच्या बाजूनं एवढंच म्हणते की शाळा इथे होती, आणि तिच्या तेलाचा हिशेब दगडावर आहे.

हा दगड उजेडात आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. गोव्यातल्या मांद्र्याचे, मुंबईत डॉक्टरी करणारे, आणि जुने लेख वाचण्याचं वेड असणारे. १८६५ साली लंडनच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला, त्यात पाटणचा लेख होता. पुढे कीलहॉर्न यांनी, जे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायचे, त्याचं नीट वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापलं.

आता त्या मठात शिकवायचं काय? ‘सिद्धांतशिरोमणी’ हा भास्कराचार्यांचा ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे ११५० चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेला. त्याचे चार भाग. पहिला ‘लीलावती’ सर्वांना माहीत असतो, निदान नावानं. दुसरा ‘बीजगणित’. त्यातलं एकच उदाहरण मी घेणार आहे, कारण मठात बसलेल्या मुलाला घाम फोडायला ते एकटं पुरेसं आहे.

एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, १ मिळवा. येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असली पाहिजे. अशी संख्या कोणती?

वाचायला साधं आहे. ६१ च्या जागी ६० असते तर उत्तर ४: सोळाला साठानं गुणून ९६०, अधिक एक ९६१, हा एकतीसचा वर्ग. ६२ असते तर उत्तर ८: चौसष्ट गुणिले बासष्ट ३९६८, अधिक एक ३९६९, हा त्रेसष्टचा वर्ग. दोन्ही शेजारी इतके गरीब. म्हणून मूल ६१ लाही तसंच धरतं आणि १, २, ३ करत सुटतं. एकनं ६२ येतात, दोननं २४५, तीननं ५५०. एकही वर्ग नाही. असं करत करत गेलं तर पहिल्यांदा जमतं ते २२,६१,५३,९८० या संख्येपाशी. मिनिटाला एक या वेगानं, रात्री न झोपता, एकेक संख्या तपासायची म्हटली तर सुमारे ४३० वर्षं लागतील. ११५० साली बसलेला माणूस अकबराच्या राज्यात उठला असता.

उत्तराची दुसरी बाजू, म्हणजे ज्या संख्येचा तो वर्ग होतो ती, १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. हीच ती मोठी संख्या, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. भास्कराचार्य पहिलीला कनिष्ठ मूळ म्हणतात, दुसरीला ज्येष्ठ. आपल्या घरातली थोरली-धाकटी असल्यासारखी ही नावं मला आवडतात.

माझा भाचा इंजिनिअर. त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, “आत्या, मोबाइलवर दोन सेकंदांत कळेल.” म्हटलं, कळू दे. त्यानं ज्येष्ठाचा वर्ग केला, कनिष्ठाचा वर्ग करून ६१ नं गुणला, एकातून दुसरा वजा केला. उत्तर शून्य. पुन्हा केलं, शून्य. लॅपटॉपवरच्या तक्त्यातही तेच. “चूक आहे तुमच्या भास्कराचार्यांची,” म्हणाला. चूक नव्हती. असली यंत्रं पंधरा-सोळा अंकांच्या पुढे नेमकं धरून ठेवत नाहीत, आणि इथे वर्ग १९ अंकी आहे. ज्या एका एककासाठी सगळा खटाटोप, तोच एक शेपटाला गळून पडतो. मग मी गिरणीतली एक कोरी वही काढली आणि उभ्या मांडणीनं गुणाकार केला. ज्येष्ठाचा वर्ग ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. कनिष्ठाच्या वर्गाची एकसष्टपट ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४००. आमच्या पेशात बेरजेगुणाकाराला नवाचा पडताळा घेतल्याशिवाय पान उलटत नाहीत. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे नवानं भागून १ उरतो. वर्गाच्या अंकांची बेरीज ८२, तिथेही १ उरतो. जमलं. भाच्यानं नंतर मोठ्या संख्या अचूक धरणारी काहीतरी सोय शोधून तेच उत्तर काढलं, आणि मग भास्कराचार्यांना माफ केलं.

त्या १९ अंकी वर्गाची एक गंमत लक्षात घ्यावी. ‘लीलावती’च्या आरंभी एकं, दहं, शतं असं करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. हा वर्ग एकोणिसाव्या स्थानात जातो. म्हणजे ज्या माणसानं हे उदाहरण घातलं, त्याच्या स्वतःच्या यादीत त्या उत्तराच्या वर्गाचं सगळ्यात वरचं स्थान बसत नव्हतं. याची त्याला अडचण वाटली नसणार, कारण त्याच्या रीतीत हा राक्षसी वर्ग कधी करावाच लागत नाही. रीत अशी आहे की प्रत्येक पायरीला उत्तर आपोआप खरं असतं. आम्ही रोजकीर्दीतून खतावणीत नोंद नेतो तेव्हा बाकी जुळलेलीच पुढे जाते, तसं.

रीतीचं नाव चक्रवाल. ती भास्कराचार्यांची स्वतःची नाही, आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही. आधीचे आचार्य तिला चक्रवाल म्हणतात असं ते सांगतात. पाया ब्रह्मगुप्ताचा, इसवी सन ६२८ चा. त्यानं दाखवलं की अशी दोन उत्तरं हाती असली तर ती तिरकी गुणून, मिळवून तिसरं करता येतं. त्या क्रियेला भावना म्हणतात. मिळवायच्या किंवा वजा करायच्या संख्येला क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा असतो, पण सुरुवातीला हाती येईल तो घ्यायचा. चाकासारखी तीच क्रिया फिरवत क्षेप लहान लहान करत नेण्याची युक्ती भास्कराचार्यांच्या आधीच्या जयदेव नावाच्या गणितीच्या श्लोकांत सापडते. उदयदिवाकर नावाच्या टीकाकारानं १०७३ साली ते श्लोक आपल्या टीकेत उतरवून ठेवले म्हणून वाचले; लखनौच्या कृपाशंकर शुक्लांनी १९५४ मध्ये ते पुढे आणले. तोवर जयदेवाचं हे काम कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

आता प्रत्यक्ष करू. पेन्सिल घ्यावी.

६१ च्या सर्वांत जवळचा वर्ग ६४. म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. एकसष्ट एके एकसष्ट, अधिक तीन, चौसष्ट. हवा होता १, मिळाले ३. आता अशी संख्या शोधायची की तिला कनिष्ठानं गुणून त्यात ज्येष्ठ मिळवला तर ३ नं निःशेष भाग जावा, आणि तिचा वर्ग ६१ पासून फार दूर नसावा. १, ४, ७, १० चालतात. पैकी सातचा वर्ग ४९, फरक १२, तो सर्वांत कमी. सात नि आठ पंधरा, भागिले तीन, पाच. हे नवं कनिष्ठ. फरक १२, भागिले ३, चार. सातचा वर्ग ६१ पेक्षा कमी पडला म्हणून हा क्षेप उणे. पडताळा: पंचवीस गुणिले एकसष्ट १५२५, उणे चार १५२१, एकोणचाळिसाचा वर्ग. कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप उणे ४.

एकाच फेरीत आपण इथे आलो. इथे भास्कराचार्य चाक थांबवतात आणि ब्रह्मगुप्ताचीच एक जुनी वाट धरतात: क्षेप ४ असला की मुळं निम्मी करा, क्षेप आपोआप १ होतो. पाचाचे निम्मे अडीच, एकोणचाळिसाचे निम्मे साडेएकोणीस. अडीचाचा वर्ग सव्वासहा, एकसष्टपट केली की ३८१ आणि पाव. साडेएकोणीसाचा वर्ग ३८० आणि पाव. फरक एक. फक्त तो उणे आहे, आणि मुळं अपूर्णांकात आहेत.

मला हा टप्पा सगळ्यात प्रिय. आजच्या पाठ्यपुस्तकात शिकलेला मुलगा अपूर्णांक दिसला की वाट चुकली असं समजतो. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा तोंडपाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. १९५७ मध्ये नवे पैसे आले, मग वजनंमापं दशमान झाली, आणि हे पाढे कुणी मागेनासं झालं. मी त्यांच्याकडून अडीचकीपर्यंत शिकले. त्यांच्या पिढीच्या मुनिमाला साडेएकोणीस आणि अडीच ही जोडी बाजारातल्या रोजच्या भावासारखी वाटली असती, आणि पाटणच्या मठातल्या मुलालाही तशीच वाटली असणार. पूर्ण संख्येचं उत्तर काढायला मधे अर्ध्यांवरून जाणं यात त्यांना काही कमीपणा नव्हता.

पुढे भावना. साडेएकोणीस-अडीच ही जोडी तिच्याशीच जुळवायची. नवं कनिष्ठ: साडेएकोणीस गुणिले अडीच, त्याची दुप्पट, साडेसत्त्याण्णव. नवं ज्येष्ठ: मघाचे ३८० आणि पाव, अधिक ३८१ आणि पाव, एकूण ७६१ आणि अर्धा. क्षेपांचा गुणाकार: उणे एक गुणिले उणे एक, अधिक एक. क्षेप तर मिळाला, पण मुळं अजून अर्ध्यांत अडकलेली. म्हणून ही नवी जोडी पुन्हा पहिल्या जोडीशी जुळवायची. कनिष्ठ येतं ३,८०५ आणि ज्येष्ठ २९,७१८. अर्धे गेले! पण क्षेप पुन्हा उणे एक झाला. आता शेवटचं एकदा ही जोडी तिच्याशीच: २९,७१८ गुणिले ३,८०५, दुप्पट केले की २२,६१,५३,९८०. आणि २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक एक, १,७६,६३,१९,०४९.

संपलं. वहीचं एक पान भरत नाही. ४३० वर्षं जिथे लागणार होती तिथे चहा निवायच्या आत माणूस मोकळा होतो.

मूळ श्लोकात हे उदाहरण एकटं येत नाही. भास्कराचार्य आधी ६७ विचारतात आणि त्याच श्वासात ६१, आणि ऐकणाऱ्याला सखा म्हणून हाक मारतात. ६७ चं उत्तर ५,९६७ आणि ४८,८४२. चार-पाच अंकी, जड पण माणसातलं. ते सुटलं की मुलाला वाटणार, ६१ तर त्याहून लहान. तो सखा म्हणणं किती खरं घ्यायचं, ज्याचं त्यानं ठरवावं. शिक्षक चांगला होता आणि थोडा खट्याळही होता, हे मात्र या दोन आकड्यांच्या निवडीतूनच दिसतं. शंभराच्या आतल्या सगळ्या संख्यांमध्ये ६१ चं सर्वांत लहान उत्तर हेच सर्वांत मोठं आहे. त्याच्या खालोखाल ९७, तिथे ज्येष्ठ मूळ आठ अंकी. इतक्या संख्यांतून नेमकी ६१ उचलायची म्हणजे आधी आजूबाजूच्या कितीतरी सोडवून पाहिलेल्या असणार.

हे मी ठासून सांगते, कारण फेब्रुवारी १६५७ मध्ये दुसऱ्या एका माणसानं नेमकी हीच संख्या उचलली. फ्रान्समधल्या तुलूझचा पिएर द फर्मा, पेशानं तिथल्या न्यायालयातला अधिकारी, गणित फावल्या वेळचं. पॅरिसच्या फ्रेनिकलला त्यानं पत्र लिहिलं आणि हाच प्रश्न दोन संख्यांसाठी घातला: ६१ आणि १०९. वर असंही लिहिलं की फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या देतोय. खट्याळपणा सर्वत्र सारखाच. इंग्लंडच्या गणित्यांनाही त्यानं याच सुमारास आव्हान दिलं. लॉर्ड ब्रंकर, जे पुढे रॉयल सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले, त्यांनी रीत शोधली आणि ऑक्सफर्डच्या जॉन वॉलिसनं ती मांडून १६५८ मध्ये सगळा पत्रव्यवहार छापला. पुढच्या शतकात ऑयलरनं गैरसमजानं या समीकरणाला इंग्रज गणिती जॉन पेल याचं नाव दिलं. पेलचा त्यात हात जवळजवळ नाही. नाव आजही तेच चालू आहे. दर वेळी उत्तर असतंच, याची पहिली पक्की सिद्धता लाग्रांजची, १७६० च्या दशकातली.

फर्माला भास्कराचार्यांची संख्या कशी सापडली, असं विचारणारे भेटतात, आणि चोरीचा वास घेणारेही. मला त्यात गूढ दिसत नाही. ज्याला हे गणित खरोखर येतं तो दुसऱ्याची परीक्षा घ्यायला शंभराच्या आतली सर्वांत अवघड संख्याच काढणार. ती ६१ आहे, पाटणलाही आणि तुलूझलाही. पाचशे वर्षांच्या अंतरानं दोघांनी एकच प्रश्न घातला यावरून एवढंच कळतं की दोघांचाही गृहपाठ पुरा झाला होता.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मधल्या पाचशे वर्षांत ही रीत आमच्याकडे जिवंत कशी राहिली. कारण जयदेवाचं काय झालं ते आपण पाहिलं. भास्कराचार्यांची बुद्धी सगळे गातात, पण नुसती बुद्धी दोन पिढ्यांत विसरली जाते. पळीभर तेलानं निदान मठातली शाळा चालली. यादव गेले, देवगिरीवर दुसरी राज्यं आली, पण तोवर पोथ्या गावोगावच्या जोशी घराण्यांत शिरल्या होत्या. गोदाकाठच्या पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या, सूर्यदासानं १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’. विदर्भातून काशीला गेलेल्या घराण्यातल्या कृष्ण दैवज्ञानं १६०० च्या सुमारास ‘बीजगणिता’ची उपपत्तीसह टीका केली, उपपत्ती म्हणजे नुसती रीत न सांगता ती का चालते हे सांगणं. ही माणसं पंचांगं करत, जातकं मांडत, आणि उरलेल्या वेळात मुलांकडून भावना घोटून घेत. शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशिदीनं ‘बीजगणित’ फारसीत नेलं. याचे वडील उस्ताद अहमद लाहोरी, ताजमहालाचे वास्तुकार मानले जातात ते. म्हणजे फर्मा पत्र लिहीत होता तेव्हा हा ग्रंथ फारसीत वाचता येत होता.

इंग्रजीत तो आधी त्या फारसीवरून आला, एडवर्ड स्ट्रेचीमार्फत, १८१३ मध्ये. संस्कृतवरून थेट आणला कोलब्रुकनं, १८१७ मध्ये. जर्मन इतिहासकार हर्मान हँकेलनं १८७४ च्या पुस्तकात चक्रवालाची तारीफ केली: लाग्रांजच्या आधी संख्याशास्त्रात याहून सुंदर काही झालं नाही, अशा आशयाची. आमच्या लोकांनी ते वाक्य भाषणांत इतकं वापरलं की रीत करून पाहायची राहून गेली. भाषण करणाऱ्याला मी एकदा तरी विचारते, “साडेएकोणीस कुठून आले?” बहुतेक पाणी मागतात.

राहिली त्या मोठ्या संख्येच्या पोटातली गोष्ट. १,७६,६३,१९,०४९ दिसायला मूळ संख्येसारखी ताठ आहे, पण तिचे चार अवयव पडतात: ११, ५९, १५२३ आणि १७८७. आता १५२३ कडे पाहा. मघाशी मधल्या टप्प्यावर ज्येष्ठ मूळ ७६१ आणि अर्धा आलं होतं. त्याची दुप्पट १५२३. वाटेत भेटलेली ती अर्धवट संख्या शेवटच्या उत्तरात सबंध बसली आहे. योगायोग नाही तो. शेवटचं उत्तर म्हणजे ७६१ आणि अर्ध्याची जोडी तिच्याशीच तीनदा जुळवलेली, आणि तीनदा जुळवताना ज्येष्ठ मूळ नेहमी गुणक म्हणून टिकतं. मी ११ चा भाग जातो का हे सवयीनं पाहत होते, एक सोडून एक अंकांची बेरीज करून. तो गेला, मग पुढचे काढत बसले आणि १५२३ निघाले तेव्हा वही मिटून भाच्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता.

फर्माची दुसरी संख्या १०९ वाचकांनी करून पाहावी. तिथे आरंभी कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप उणे ९ घ्यावा, कारण शंभर हा १०९ ला जवळचा वर्ग. पहिल्या फेरीसाठी संख्या ८, दुसरीसाठी १२, तिसरीसाठी ९. वाटेत क्षेप ५ आणि ७ येतील, आणि तिसऱ्या फेरीअखेर कनिष्ठ २५, ज्येष्ठ २६१, क्षेप उणे ४. तिथून साडेबारा आणि साडेएकशेतीस घेऊन ६१ चीच वाट. ज्येष्ठ मूळ १५ अंकी येतं: १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. त्याला ६८,१२३ नं भाग जातो. का जातो, ते मधल्या टप्प्यावरच्या अर्ध्या संख्येची दुप्पट केल्यावर दिसेल.